मी खात नाही, पण तू खा

प्रवासाला निघायचं म्हटलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न जेवणाचा निघतो. वाटेत थांबायचं कुठे? कोंबडी हलाल असेल का? विचारायचं कोणी? मग कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, डाळ-भात मागवू," आणि घरून नेलेला खिमा-पुरीचा डबा गाडीतच उघडला जातो.

समुद्रकाठी मात्र हा प्रश्न सुटतो. माशाला जबह लागत नाही. तो कोणी पकडला, कोणी विकला, हेही बघावं लागत नाही. कुरआनात सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीत समुद्राची शिकार आणि त्यातलं अन्न हलाल असल्याचं सांगताना मुसाफिरांचा वेगळा उल्लेख येतो. ही आयत मी कितीदा वाचली असेल. पण परवाच्या प्रवासात हर्णैच्या एका खानावळीत जेवायला बसले, तेव्हा तिचा मला नव्यानं विचार करावा लागला. त्या जेवणाची ही हकिकत. तिच्यात माझी चूक आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

आम्ही कराडचे. माझी सून दापोलीजवळच्या एका गावातली. लग्नाला अकरा वर्षं झाली. तिचे वडील आधीच गेले होते, दोन वर्षांपूर्वी आईही अल्लाहला प्यारी झाली. एकुलता भाऊ नोकरीसाठी आखातात. घराला कुलूप. कोकणात अशी कुलूपबंद घरं गावोगाव दिसतात. पावसाळ्यात घर कसं राहिलं, कौलं फुटली का, वाळवी लागली का, हे बघायला कोणीतरी जायला हवं होतं. म्हणून मुलांना नाताळची सुट्टी लागली तसे आम्ही निघालो. मी, आमचे हे, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू.

फजरची नमाज पढून गाडी काढली. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. घाटात नातवाला उलटी झाली, म्हणून थोडं थांबलो. चिपळूणला चहा घेतला आणि खेडवरून दापोलीकडे वळलो. सून मागच्या सीटवर मुलांना लहानपणच्या गोष्टी सांगत होती. ओहोटी लागली की आईबरोबर खाडीत तिसऱ्या खणायला जायची. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात टोपली. तिसऱ्या घरी आणून दोन-तीनदा पाणी बदलून ठेवायच्या, म्हणजे त्या पोटातली वाळू सोडतात. मग आई विळीवर एकेक उघडायची. ज्या शिंपल्याला मांस चिकटलेलं असेल तेवढंच ठेवायचं, दुसरं टाकून द्यायचं. त्याची एकशिपी. ओलं खोबरं, कांदा आणि आमसूल घालून.

नातीनं विचारलं, "मम्मी, तुला खूप आवडायची?"

"खूप."

मी पुढे डोळे मिटून बसले होते. ऐकू सगळं येत होतं.

गावात पोहोचलो, घर उघडलं, झाडलोट सुरू केली, तोवर असरची अजान झाली. आमचे हे घड्याळ बघून म्हणाले, "अजून वेळ आहे की." सून हसली. "अब्बा, इथली अजान शाफई आहे."

वाचकांपैकी कोकणातल्या बहिणींना हे सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी सांगते. मध्यान्हीची सावली सोडून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की शाफई मतानं असर सुरू होते. आपण हनफी लोक ती दुप्पट होईपर्यंत थांबतो. कोकण, भटकळ, केरळचा किनारा, पुढे श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशिया, म्हणजे अरब व्यापाऱ्यांची जहाजं जिथे जिथे लागली त्या बहुतेक किनाऱ्यांवरचे मुसलमान शाफई आहेत. घाटावर आपण बहुतेक हनफी. दोन्ही इमाम आपलेच, दोन्ही रस्ते सुन्नतचेच.

आमच्या ह्यांनी मग घड्याळ खिशात टाकलं आणि त्याच जमातीत जाऊन नमाज पढून आले. वाद नाही, चर्चा नाही. नमाजेच्या वेळेतला फरक आम्हाला एका मिनिटात पटला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रात्री तिथेच राहिलो. सकाळी सुनेनं आईच्या सामानातून दोन-चार वस्तू बरोबर घेतल्या. आईचा मुसल्ला, एक अडकित्ता आणि झाकणावर आईचं नाव कोरलेला स्टीलचा डबा. तो डबा बघितला आणि मला कसंतरी झालं. मी तो ओळखला होता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सून नवीन होती. तिचा भाऊ पहिल्यांदा बहिणीला भेटायला कराडला आला. आईनं पहाटे उठून लेकीसाठी हाच डबा भरून दिला होता. मी हौसेनं उघडला. आत तिसऱ्यांचं सुकं होतं. शिंपले बघितल्याबरोबर मी म्हणाले, "हे आमच्यात चालत नाही." बैठकीत म्हणाले, तिच्या भावासमोर. डबा शेजारच्या वहिनींना दिला. त्यांनी आवडीनं खाल्लं. भाऊ परत निघाला तेव्हा डबा रिकामा जाऊ नये म्हणून त्यात साखर भरून दिली. त्या साखरेचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आपण रीत पाळली, असं वाटलं.

मसला मी चुकीचा सांगितला नव्हता. हनफी मतानं समुद्रातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. तिसऱ्या, कालवं, माकुल हे आपण खात नाही. कोळंबीवर तर आपल्याच उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही तिला माशात धरतात, काही धरत नाहीत. शाफई मतानं मात्र पाण्यातच जगणारे जीव, थोडे अपवाद सोडले तर, हलाल आहेत. म्हणजे ज्या बाईनं पहाटे उठून डबा भरला, तिनं हलाल अन्नच पाठवलं होतं. तिच्या लेकीसाठी ते हलालच होतं. "आमच्यात चालत नाही" म्हणताना सून आता आमच्यातली आहे आणि तिला ते चालतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर तिच्या माहेरून आंबे आले, फणस आला, आमसुलं आली. तसा डबा पुन्हा आला नाही. सुनेनं अकरा वर्षांत एकदाही विषय काढला नाही. माहेरी जायची तेव्हा खात असेल. आता माहेरच्या चुलीवर कोणी राहिलं नव्हतं.

दुपारी जोहरनंतर हर्णैला पोहोचलो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला होड्या. जेवायला कुठे जायचं हे सुनेनंच ठरवलं. मोठी पाटी असलेली दोन हॉटेलं तिनं सोडून दिली आणि घराच्या पडवीत पाच-सहा टेबलं टाकलेल्या खानावळीसमोर गाडी थांबवायला सांगितली.

बहिणींनो, मासे खायला कुठे थांबावं हे मी तिच्याकडून शिकले, ते तुम्हालाही सांगते. आत गेल्यावर मेन्यूकार्ड मागायचं नाही. "आज काय आलंय?" एवढंच विचारायचं. जो दोन-तीनच नावं सांगतो त्याच्याकडे ताजं असतं. जो बारा प्रकार सांगतो त्याच्याकडे बर्फातलं असतं. जमलं तर मासा बघायला मागायचा. कल्ले लालबुंद हवेत, डोळे फुगीर आणि चकचकीत, आणि अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मोठ्या ताज्या सुरमईची अपेक्षा धरू नये. आणि आपला नेहमीचा प्रश्न: त्याच तव्यावर कोंबडी भाजता का? हा विचारायला लाजू नये. नम्रपणे विचारलं तर कोणी रागावत नाही.

खानावळ चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "कोंबडी मी ठेवतच नाही. माझ्याकडे समुद्रातलंच." ह्यांच्या चेहऱ्यावरची चिंता गेली. "आज सुरमई आहे, बांगडा आहे. आणि सकाळीच तिसऱ्या आल्यात."

सुनेनं सगळ्यांसाठी सांगितलं. ह्यांना आणि मुलाला सुरमईचं ताट. मलाही सुरमई, पण तिखट कमी. मुलांना काट्यांचा त्रास नको म्हणून सुरमईचीच मधली तुकडी. मावशींनी विचारलं, "आणि तुला?"

"मलापण सुरमईच."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या गावाचं नाव घेतलं, तिच्या आईचं नाव घेतलं. "तू तिचीच ना? नाक अगदी तिचंच आहे. बाजाराला यायची तेव्हा माझ्याकडे बसल्याशिवाय जायची नाही. अगं, तू तिसऱ्या नाही खाणार? तुझी आई तर म्हणायची, लेकीला तिसऱ्या मिळाल्या की दुसरं काही नको."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. एक क्षणभरच. म्हणाली, "नको मावशी. सुरमईच द्या."

नात लगेच बोलली, "मम्मी, तू काल गाडीत म्हणालीस ना खूप आवडतात म्हणून? मग का नको?"

टेबलावर कोणीच काही बोललं नाही. मुलगा पाण्याचा ग्लास फिरवत बसला. त्याला सगळं ठाऊक असावं. मला मात्र तो क्षणभराचा कटाक्ष झोंबला. अकरा वर्षं संसार केलेली, दोन लेकरांची आई, माझ्या आजारपणात रात्ररात्र जागलेली ही बाई एक वाटी तिसऱ्या मागवायला माझ्या चेहऱ्याकडे बघते. तिला ही सवय मीच लावली होती.

मी म्हणाले, "मावशी, एक वाटी एकशिपी आणा. हिच्यासाठी."

हे हळूच म्हणाले, "अगं, आपल्यात चालत नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला आणि मला चालत नाही. तिच्या इमामांच्या मतानं तिला चालतं. काल असर कोणाच्या अजानीवर पढलात?"

ते काही बोलले नाहीत. मग मावशींनाच म्हणाले, "वाटी वेगळी आणा, म्हणजे झालं."

ताटं आली. तांदळाची गरम भाकरी, रव्यात घोळवून तळलेली सुरमई, नारळाचं कालवण, भात, सोलकढी. आणि सुनेसमोर एकशिपीची वाटी. बिस्मिल्ला म्हणून तिनं पहिला शिंपला उचलला, दातांनी मांस ओढून घेतलं आणि शिंपला ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा. ती मान खाली घालून खात होती. तिसऱ्या शिंपल्याला तिचे डोळे भरून आले. "आईसारखंच आहे," एवढंच म्हणाली. मावशी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिनंच शिकवलंय. आमसूल शेवटी घालायचं, आधी नाही."

नातीनं हात पुढे केला. "मी पण खाऊ?" आता खरा पेच होता. मी गप्प बसले. सूनच म्हणाली, "तू आज अब्बांबरोबर सुरमई खा. मोठी झालीस की दोन्हीकडचं समजून घे, मग ठरव." मग तिनं नातीला शिंपला हातात घेऊन बघू दिला. कच्ची तिसरी जिवंत असली की घट्ट मिटलेली असते, उघडी दिसली तर टिचकी मारून बघायची, तरी मिटली नाही तर टाकून द्यायची, हेही सांगितलं. अकरा वर्षं जिला तिचं अन्न नाकारलं गेलं, तिनं स्वतःच्या मुलीला मात्र आमच्या घरच्या रीतीविरुद्ध एक घास दिला नाही. मी मनात म्हटलं, हिच्याकडून शिकण्यासारखं अजून बरंच आहे.

जेवण झाल्यावर मी मावशींना म्हटलं, "तुम्हीही दोन घास खा आता, तीन वाजले." त्या हसल्या. "आज गुरुवार. मार्गशीर्ष चालू आहे. मी आज मासळीला तोंड लावत नाही."

"मग मीठ-मसाल्याची चव कोण बघतं?"

"कोणी नाही. हाताचा अंदाज. माझा उपास आहे म्हणून गिऱ्हाइकानं का उपाशी राहायचं?"

बहिणींनो, मला उत्तर मिळालं. ही बाई स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला मन लावून रांधून घालते. तिचं व्रत त्यानं मोडत नाही आणि आमच्या जेवणात काही कमी पडत नाही. आणि मी एका डब्याला घरात जागा देऊ शकले नव्हते.

घरी आल्यावर मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानासाहेबांना हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते मसला समजावतील. त्यांनी एक हदीस सांगितली. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. प्रेषित सल्लल्लाहु अलैहि वसल्लम हजरत मैमूनांच्या घरी होते. दस्तरखानावर घोरपडीसारख्या एका वाळवंटी प्राण्याचं भाजलेलं मांस आलं. ते काय आहे हे कळल्यावर त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद जवळच बसले होते. त्यांनी विचारलं, हे हराम आहे का? उत्तर मिळालं, नाही, पण माझ्या लोकांच्या मुलखात हे नसतं, म्हणून मला नको वाटतं. मग हजरत खालिद यांनी ते आपल्याकडे ओढलं आणि खाल्लं. प्रेषित बघत होते. त्यांनी अडवलं नाही.

मौलानासाहेब म्हणाले, "हलाल-हरामचा मसला ज्यानं त्यानं आपल्या आलिमाला विचारावा. मी तुम्हाला दस्तरखानाचा अदब सांगतोय. स्वतः खाल्लं नाही आणि खाणाऱ्याला खालीही बघायला लावलं नाही."

मला खालिदांपेक्षा माझ्या सुनेच्या आईची आठवण झाली. तिची माफी मागायची राहून गेली. आता तिच्यासाठी दुआच करता येते.

आज आपल्या घरांत अशा सोयरिकी वाढल्या आहेत. मुलं पुण्या-मुंबईला शिकतात, नोकऱ्या करतात. घाटावरची मुलगी कोकणात जाते, कोकणातली घाटावर येते. निकाहाच्या वेळी आपण मेहरची रक्कम विचारतो, पगार विचारतो, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे तेही विचारतो. मुलगी काय खाऊन वाढली, हे कोणी विचारत नाही. ती येते आणि महिन्याभरात तिची जीभ आपल्या घरासारखी व्हावी अशी आपली अपेक्षा असते. हे फक्त शाफई-हनफीचंच आहे असं नाही. कोणाला माहेरची आंबट आमटी लागते, कोणाला नाश्त्याला घावन. त्यातलं काहीच हराम नसतं. तरी "आमच्यात असं नसतं" या तीन शब्दांनी ते घराबाहेर जातं. सून तक्रार करत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं सुरळीत आहे.

सगळ्या घरांना एकच उपाय लागू पडेल असं मी म्हणत नाही. आमच्याकडे आम्ही असं ठरवलं: एक वेगळं पातेलं आणि एक वेगळा तवा. तिला हवं तेव्हा तिनं तिच्यासाठी करावं. आम्ही खाणार नाही, पण नाकही मुरडणार नाही. मुलांचं मुलं मोठी झाल्यावर.

त्या दिवशी हर्णैहून निघण्याआधी आम्ही बंदरावर गेलो होतो. संध्याकाळच्या लिलावाची गडबड सुरू झाली होती. बाजूला सुकी मासळी विकायला बसलेल्या एका बाईकडून मी अर्धा किलो सोडे घेतले. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. बरीच महाग असते. पैसे मी माझ्या बटव्यातून दिले. पिशवीत घालायला लागली तर मी तिला थांबवलं आणि सुनेकडून तो स्टीलचा डबा मागून घेतला.

डबा पुढे माझ्या मांडीवर ठेवूनच मी कराडपर्यंत आले. घाटात त्याचा वास गाडीभर झाला. आमच्या ह्यांनी काच थोडी खाली केली, पण बोलले काही नाहीत.